थाओ नेमका कोणावर चिडलाय?

माझ्या छातीत पहिल्यांदा आवळून आलं ते कचेरीत, तक्रार खिडकीच्या आतल्या बाजूला बसलेलो असताना. बाहेर एक बाई पाण्याचं बिल माझ्या नाकापुढे नाचवत होत्या. त्यांचं म्हणणं असं, की त्या महिनाभर मुलीकडे नानजिंगला होत्या, घराला कुलूप होतं, मग एवढं पाणी प्यायलं कोण, कुलपाने? मी म्हणालो, "बाई, आपण शांतपणे बघू." त्यातल्या 'शांतपणे'च्या 'शां'पाशीच माझा श्वास अडला. कोणीतरी ओली गोधडी घडी करून छातीवर ठेवावी आणि वर स्वतः ऐसपैस बसावं, तसं वाटलं.

तरी मी बाईंना गरम पाणी दिलं, मीटर तपासायला माणूस पाठवतो म्हणालो आणि त्या पाठमोऱ्या झाल्यावर हसलोसुद्धा. हे हसू कोणी बघत नसलं तरी चालू ठेवावं लागतं. तक्रार खिडकीवर बसायला विशिष्ट घडणीचा माणूस लागतो. लोक येतात, बोटं नाचवतात, आपल्या आईवडलांची आठवण काढतात, आणि आपण मान हलवायची. हे काम मी इतकी वर्षं करतोय की मान आता झोपेतही हलते असं रुइलान म्हणते. रुइलान म्हणजे माझी बायको. खात्याने मला 'सौजन्य सेवक' म्हणून लाल कागदावर प्रशस्तिपत्रक दिलंय, बरोबर एक थर्मास. आमच्या अख्ख्या इमारतीत कोणाचा आवाज चढला की बायका नवऱ्यांना सांगतात, "त्या पाचव्या मजल्यावरच्या थाओंकडे बघा जरा." माझ्याकडे दुसरी काही मालमत्ता नाही. जी काही आहे ती ही.

त्यानंतर दर दिवसाआड ती गोधडी यायला लागली. जिना चढताना यायची, भाताचा पहिला घास घेताना यायची, कधी नुसतं खिडकीतून कालव्याकडे बघताना यायची. आता कोणीही शहाणा माणूस म्हणेल, हृदयाच्या रुग्णालयात जा. पण आमच्या कचेरीतला एकजण असाच सहज तपासायला गेला आणि हृदयात दोन स्प्रिंगा घेऊन परत आला. तो तपासायला गेला नसता तर त्याला स्प्रिंगा बसल्या नसत्या, असं माझं शास्त्र होतं. त्या शास्त्रात कुठेतरी भोक आहे हे मला कळत होतं, पण त्यात बोट घालायची हिंमत नव्हती.

मी रुइलानला फक्त एवढंच म्हणालो, "हल्ली जरा जड वाटतं." ही चूक झाली. रुइलान बालवाडीच्या स्वयंपाकघराची मुख्य आहे. तोंड न उघडणाऱ्यांचं तोंड उघडवणं हा तिचा पेशा. तिने हातातला झारा खाली ठेवला, गॅस बंद केला आणि म्हणाली, "कुठे जड?"

"इथे."

"इथे म्हणजे छातीत. आणि हे तू मला कोबी चिरताना सांगतोस?"

दुसऱ्या दिवशी आम्ही ब्यान बाईंच्या दवाखान्यात. बाई सत्तरीच्या. भिंतभर लाकडी खण, त्यांना वाळक्या मुळ्यांचा आणि सालींचा वास, आणि मधोमध एक छोटी उशी. त्या उशीवर मनगट ठेवायचं. बाईंनी तीन बोटं माझ्या नाडीवर ठेवली आणि डोळे मिटले. आधी एक हात, मग दुसरा. एवढा वेळ डोळे मिटून माझ्या मनगटाचा विचार आजवर कोणी केला नव्हता.

"हृदयाचा आलेख काढलाय का मोठ्या रुग्णालयात?"

"काढला होता. मागे, कचेरीच्या तपासणीत."

"कसा आला?"

"सरळ."

बाईंनी डोळे उघडले. "आलेख सरळ आला असता तर तुम्ही इथे बसला नसता."

"म्हणजे, व्यवस्थित आला," मी म्हणालो.

"नवा काढा. मला कागद दाखवा. माझं औषध त्याच्या जागी चालत नाही. जीभ?"

मी जीभ काढली. शेजाऱ्यांच्या दोरीवरचे कपडे बघावेत तसं त्यांनी तिच्याकडे निरखून बघितलं. "कडा लाल आहेत. दातांच्या खुणा आहेत." मग त्या रुइलानकडे वळल्या. "झोपेत दात खातात?"

"खलबत्ता चालतो नुसता," रुइलान म्हणाली. हे मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं.

"उसासे टाकतात?"

"कचेरीतून आले की जोडे काढताना एक, सोफ्यावर बसताना एक."

बाईंनी मान डोलावली. "यकृताची वाट तुंबलीय. तिथला प्राणवायू मोकळा वाहत नाही, तो वर चढतो आणि छातीत कोंडतो. हा गिळलेला राग आहे. आणि जुना आहे." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "कोणावर चिडलाय?"

"मी?" मी हसलो. तेच हसू, खिडकीवरचं. "मी कधीच चिडत नाही हो. विचारा हिला."

"तेच म्हणतेय मी," ब्यान बाई म्हणाल्या.

त्यांनी औषध लिहून दिलं. संत्र्याच्या जुन्या साली, गुलाबाच्या कळ्या, पुदिना आणि कसल्या कसल्या कडू मुळ्या, मातीच्या भांड्यात दोनदा उकळून गाळून घ्यायच्या. मनगटाच्या आत, घडीपासून तीन बोटं वर एक जागा दाखवली, छातीच्या बरोबर मधली एक दाखवली. जड वाटलं की तिथे दाबायचं. आणि निघताना परत म्हणाल्या, "आलेख विसरू नका. आणि राग गिळू नका."

स्कूटर रुइलान चालवते. मी मागे औषधांच्या पुड्या सांभाळत बसलो होतो. पहिल्या सिग्नलला तिने मान न वळवता विचारलं, "कोणावर?"

"कोणावरच नाही."

"माझ्यावर?"

"अगं, नाही."

"'अगं' म्हणालास. तू 'अगं' म्हणतोस तेव्हा काहीतरी असतं."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिने दारातच विचारलं, आलेख काढलास का. "काढला," मी म्हणालो. "ठीक आहे." मी जोडे काढत होतो, त्यामुळे तिच्याकडे बघावं लागलं नाही. जेवणाच्या सुट्टीत मी खरोखर रुग्णालयाच्या फाटकापर्यंत गेलो होतो. तिथे एका माणसाला चाकाच्या खुर्चीवरून आत नेत होते आणि त्याचा हात छातीवर होता. मी शेजारच्या दुकानातून भाजलेलं रताळं घेतलं आणि परत आलो.

आलेख ठीक आहे म्हटल्यावर घरात एकच प्रश्न उरला. राग कोणावर? रुइलानने चौकशी सुरू केली. बावीस वर्षांचा संसार तिने मागून पुढे तपासला. तिने माझी मासेमारीची काठी तिच्या भावाला दिली होती, ते का? तिने हिवाळ्यात खिडकी उघडी ठेवायचा हट्ट धरला, ते का? मी प्रत्येक वेळी "नाही" म्हणायचो आणि प्रत्येक 'नाही'बरोबर तिचा चेहरा उतरत जायचा. निर्दोष ठरल्यावर माणसाचा चेहरा उतरलेला मी तेव्हा पहिल्यांदा बघितला. मग सासूबाईंचा फोन आला. त्या मला आडनावाने नाही, नावाने हाक मारतात. "जिंगफान, खरं सांग, मी नववर्षाला आले आणि आठवडाभर जास्त राहिले म्हणून का?"

"आई, मुळीच नाही. तुमचं घर आहे हे."

"बघ!" पलीकडून सासूबाई कोणाला तरी म्हणाल्या, "किती गिळतोय बघ."

इथवर प्रकरण घरातल्या घरात होतं. पण रुइलानने इमारतीच्या मोबाइल गटावर विचारलं, की यकृतात राग अडकून छाती आवळते, कोणाकडे काही अनुभवाचं आहे का. तिचा हेतू शुद्ध होता. मात्र आमच्या गटावर साठ-सत्तर कुटुंबं आहेत, आणि त्या सगळ्यांनी त्यातून एकच अर्थ काढला: पाचव्या मजल्यावरचा थाओ कोणावर तरी चिडलाय, इतका की त्याच्या जिवावर बेतलंय.

उपाय आलेच. काखेतल्या खळग्यात थापट्या मारा. वाळवलेली लाल फळं गरम पाण्यात घाला. पहाटे टेकडीवर जाऊन ओरडा. पायाच्या अंगठ्यामागे दाबा. मी कचेरीत बसल्या बसल्या एका हाताने दुसऱ्या मनगटाची ती जागा दाबत राहायचो. बाहेरच्यांना वाटायचं मी स्वतःची नाडी बघतोय, त्यामुळे तक्रारी एकदम हळू आवाजात व्हायला लागल्या. तेवढा एक फायदा झाला.

पण उपायांपेक्षा भयंकर होत्या त्या क्षमायाचना.

पहिला आला वरच्या मजल्यावरचा वेई. हातात पिवळ्याजर्द लुकाट फळांची पिशवी, मान खाली. "थाओदादा, मला माहीतच होतं एक दिवस हे होणार."

"काय होणार?"

"तुमच्या न्हाणीघराच्या छताला जो डाग आहे ना, तो आमच्याकडूनच झिरपतो. मी म्हणायचो इमारतीचा पाइप आहे. आमचाच आहे. तुम्ही तीनदा रंग काढलात आणि एक शब्द बोलला नाहीत. मला झोप लागायची नाही हो."

मी म्हणालो, "असू दे, असू दे." दार लावून आत आलो आणि पहिल्यांदा त्या डागाकडे नीट बघितलं. इतकी वर्षं मी त्याला नशीब समजत होतो. आता तो वेई होता.

मग आला हाओ. आम्ही दोघं दर रविवारी कालव्याकाठच्या झाडाखाली बुद्धिबळ खेळतो. त्याने सिगारेट पेटवली, विझवली. "तू लघवीला जातोस ना मधे, तेव्हा मी तोफेची सोंगटी एक घर सरकवतो. नेहमी नाही. हरायला लागलो की." मी मनातल्या मनात हरलेले रविवार आठवायला लागलो आणि छातीत गोधडी येऊन बसली.

सगळ्यात वाईट झालं ते यान साहेबांनी केलं. आमचे विभागप्रमुख. त्यांनी मला खोलीत बोलावलं, दार लोटलं, स्वतःच्या हाताने चहा ओतला. "थाओ, तू मनात ठेवलंयस हे मला ठाऊक आहे. पण तेव्हा माझा नाइलाज होता."

"कशाचं म्हणताय साहेब?"

"उपप्रमुखाची जागा. नाव तुझंच गेलं होतं वर. पण तो दुसरा आरडाओरडा करणारा. म्हटलं, थाओ समजूतदार आहे, तो काही बोलणार नाही." मग ते माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "म्हणून तर आपण तुला ते प्रशस्तिपत्रक दिलं."

मी चहा प्यायलो. "साहेब, चहा छान आहे," म्हणालो. जागेवर आलो, भिंतीवरच्या लाल कागदाकडे बघितलं आणि थर्मास टेबलाखाली ढकलला. आता माझ्याकडे खरोखरचा राग होता, आणि तो नावानिशीवार होता. दवाखान्यात गेलो तेव्हा मी निरोगी, शांत मनुष्य होतो. उपचारांनी माझी ही अवस्था केली.

समोरच्या दारातले लुओ सर क्षमा मागायला आले नाहीत, एवढं त्यांचं कौतुक. ते निवृत्त खेळशिक्षक, आणि माणसाचा कुठलाही रोग ही त्यांना शिस्तीची बाब वाटते. शनिवारी ते एक पेटी घेऊन आले. "थाओ, झोप पालथा. पाठीवर पेले लावतो, कोंडलेलं सगळं बाहेर ओढून काढतो."

त्यांच्याकडे जुने काचेचे, आगीवर धरायचे पेले नव्हते, नवे प्लास्टिकचे होते. वर एक खुंटी, तिला पंप लावून हवा ओढायची. पाठीवर सात-आठ पेले लागले, निघाले, मागे जांभळी वर्तुळं राहिली. लुओ सरांना वर्तुळं बघून उत्साह आला. "बघ काय रंग आलाय! किती भरलंय आत! वळ. मधल्या जागेवर एक लावू."

"छातीवर?"

"रोग कुठे आहे, पाठीत?"

छातीच्या बरोबर मधोमध त्यांनी सगळ्यात मोठा पेला लावला आणि शाळेच्या फुटबॉलमध्ये हवा भरावी त्याच जोमाने पंप मारला, उलट्या दिशेने. कातडी आत डोंगरासारखी वर आली. थोड्या वेळाने ते म्हणाले, "आता काढू." त्यांनी खुंटी वर ओढली. खुंटी त्यांच्या हातात आली. पेला माझ्यापाशी राहिला.

"सर?"

"हलू नकोस." त्यांनी पेला डावीकडे वळवला, उजवीकडे वळवला. प्रत्येक वेळी माझी अख्खी छाती त्याच्याबरोबर फिरली. "उत्तम माल आहे," ते कौतुकाने म्हणाले. "मी घरून पक्कड आणतो."

ते गेले आणि दाराची घंटा वाजली. मला वाटलं तेच परत आले. रुइलानने दार उघडलं तर रहिवासी समितीच्या छाओताई. छाओताईंचं काम घरोघरचे तंटे मिटवायचं. हातात जाड फाइल, गळ्यात ओळखपत्र, आणि आवाज आजारी मांजराशी बोलावं तसा मऊ. मी घाईघाईने सदरा चढवला. पेल्यावर सदऱ्याचं बटण लागेना, म्हणून वरून कोट घातला. मे महिना होता.

"थाओदादा, कसं वाटतंय?" त्यांची नजर माझ्या छातीवरच्या उंचवट्यावर पडली, तिथून सौजन्याने खिडकीकडे गेली, आणि परत आली.

"उत्तम," मी म्हणालो.

"तुमची नोंद आमच्याकडे 'घरगुती तणाव' म्हणून झालीय. आठ-दहा जणांनी कळवलं. सगळ्यांना तुमची काळजी."

"पण मी चिडलेलो नाही."

"चिडलेली माणसं पहिलं हेच म्हणतात," छाओताई आणखी मऊ झाल्या. "घाबरू नका. समेट झाला की नोंद बंद. फक्त दुसऱ्या पक्षाचं नाव हवं."

"दुसरा पक्षच नाही."

"दुसरा पक्ष नसेल तर समेट होत नाही. समेट नाही तर नोंद बंद होत नाही. नोंद बंद झाली नाही तर मी दर आठवड्याला येणार." त्या खऱ्याखुऱ्या दुःखाने म्हणाल्या, "मलाही पाच मजले चढून यावं लागतं हो."

"मग तणाव नाही असं लिहा."

"नोंद झाल्यावर तणाव नाही असं लिहिता येत नाही. होता आणि मिटला, असं लिहिता येतं."

मला वेई आठवला, हाओ आठवला, यान साहेब आठवले. कोणाचंही नाव घेतलं तर तो माणूस आयुष्यभर फाइलमध्ये. कोटाच्या आत घामाच्या धारा लागल्या होत्या आणि पेला अजून आत ओढत होता.

"माझं नाव लिहा," रुइलान म्हणाली.

"रुइलान—"

"लिहा. मीच दुसरा पक्ष. काय करायचं समेटासाठी?"

"हात मिळवायचे आणि एक फोटो," छाओताई उजळल्या.

आम्ही भिंतीपाशी उभे राहिलो. हात मिळवले. रुइलानचा हात गार होता आणि तिने माझा फार घट्ट धरला. "थाओदादा, जरा हसा," छाओताई म्हणाल्या. "असं नाही, कचेरीच्या खिडकीवरचं नको, खरं." त्याच क्षणी घामाने म्हणा किंवा देवाच्या दयेने म्हणा, पेल्याची पकड सुटली. फटाका फुटावा तसा आवाज झाला, पेला कोटातून घसरला आणि टणटण उड्या मारत छाओताईंच्या पायाशी जाऊन थांबला. लुओ सर पक्कड घेऊन दारात उभे होते. ते म्हणाले, "निघाला! आता कसं मोकळं वाटतंय?"

तो फोटो समितीच्या फलकावर लागला. खाली मथळा होता, 'समजूतदारपणाने साधलेला समेट'. त्यात रुइलान कॅमेऱ्याकडे बघतेय आणि मी तोंड उघडं टाकून जमिनीकडे. जाता-येता लोक माझ्याकडे न बघता तिच्याकडे सहानुभूतीने बघायला लागले. खालच्या मजल्यावरची एक आजी तिला जिन्यात गाठून म्हणाली, "पोरी, मारत तर नाही ना?" इतक्या वर्षांची माझी मालमत्ता अशी गेली. आणि छाती? छाती आता दिवसातून दोनदा आवळायला लागली होती.

ब्यान बाईंकडे परत जायची वेळ आली. मी एकटा जातो म्हणालो. रुइलान म्हणाली, "मी दुसरा पक्ष आहे, मी येणार."

बाईंनी नाडी बघितली. भुवया वर गेल्या. "हे आधीपेक्षा ताणलंय. वीणेची तार झालीय. काय केलंत काय तुम्ही?" मी सगळं सांगितलं, लुकाटापासून पेल्यापर्यंत. बाईंनी शेवटपर्यंत ऐकलं आणि शांतपणे हात पुढे केला. "आलेखाचा कागद."

"तो घरी राहिला," मी म्हणालो.

"घरी कुठे?" रुइलानने विचारलं.

हा प्रश्न तिने तक्रार म्हणून नाही, मदत म्हणून विचारला होता. घरातल्या सगळ्या कागदांच्या जागा तिला माहीत असतात. मी तोंड उघडलं. वेगवेगळी कपाटं डोळ्यांपुढून गेली. एकही खण मला तयार मिळाला नाही.

"थाओ," ती म्हणाली, "तू काढलाच नाहीस."

मी मनगट उशीवरून उचललं. ब्यान बाईंनी ते परत खाली दाबून धरलं, जरा जोरातच. "बाई," त्या रुइलानला म्हणाल्या, "ह्यांना आत्ता घेऊन जा. उद्या नाही. माझ्या मुळ्या पळून जात नाहीत."

रुइलानने स्कूटर थेट मोठ्या रुग्णालयाकडे वळवली. मला वाटलं होतं ती ओरडेल. मी तर ओरडण्याची वाट बघत होतो. पण तिची फक्त पाठ दिसत होती, आणि सिग्नल लाल असताना ती पाय टेकवायला विसरत होती.

हृदयाच्या रुग्णालयात आधी साधा आलेख झाला. तो बघून एका तरुण डॉक्टरने म्हटलं, "एवढ्यावरून सांगता येत नाही, सरकत्या पट्ट्यावर चालवून बघू." त्या तपासणीबाहेर लांबलचक बोळ, दोन्ही बाजूंना खुर्च्या, आणि सगळ्या खुर्च्यांवर छातीवर हात ठेवलेली माणसं. कोणी कोणाकडे बघत नव्हतं. यंत्र एकेक नाव पुकारायचं आणि तेवढ्या वेळात उरलेले सगळे श्वास रोखायचे. माझी गोधडी आता भिजून दगड झाली होती. रुइलान शेजारी माझ्या चपलांची पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. पट्ट्यावर चालायला कॅनव्हासचे जोडे लागतील म्हणून ती धावत जाऊन समोरच्या दुकानातून ते घेऊन आली होती. एक नंबर मोठे.

माझ्या आधी एकच नाव राहिलं होतं. तेवढ्यात एक गृहस्थ आला. छान कोट, हातात चामड्याची बॅग. तो कोणाकडे न बघता सरळ दाराशी गेला आणि आत डोकं घालून म्हणाला, "फक्त एक मिनिट, मला एवढंच विचारायचंय—"

आणि मी उभा राहिलो.

"रांगेत या!"

आवाज माझाच होता, पण मी तो आजवर ऐकलेला नव्हता. बोळाच्या टोकाची परिचारिका थबकली. गृहस्थ वळला. मी थांबायला हवं होतं. खिडकीवरची इतकी वर्षं सांगत होती की थांब, मान हलव, गरम पाणी दे. पण पेल्याची खुंटी निघावी तसं काहीतरी निघालं होतं.

"तुम्हाला काय वाटतं, आम्ही इथे हवा खायला बसलोय? लोक वरून पाणी झिरपवतात, आम्ही गप्प! तोफ सरकवतात, आम्ही गप्प! आमची जागा दुसऱ्याला देतात आणि हातात थर्मास ठेवतात, तरी आम्ही म्हणतो चहा छान आहे! मी चिडत नाही म्हणून काय मी नाहीच का?" माझं बोट हवेत नाचत होतं. "माझे वडील असेच गेले! छातीवर हात ठेवून, जेवता जेवता, घास तोंडात होता! मला आत जायचं नाहीये! मला भीती वाटतेय!"

बोळात एवढी शांतता झाली की आतल्या पट्ट्याची घरघर ऐकू आली. मला धरणी दुभंगावी असं वाटलं. मी, सौजन्य सेवक, कॅनव्हासच्या ढगळ जोड्यांत, भर रुग्णालयात.

त्या गृहस्थाने बॅग खाली ठेवली. त्याच्या कपाळावर घामाचे थेंब होते. "मलाही," तो म्हणाला. "म्हणून तर मध्ये घुसलो. बसून राहवत नाही हो."

"मलाही," पलीकडून एक म्हातारे म्हणाले.

"मी तर काल येऊन फाटकावरूनच परत गेले," एक बाई म्हणाल्या, आणि कोणीतरी हसलं, मग आणखी कोणीतरी. म्हाताऱ्यांनी सरकून त्या गृहस्थाला शेजारी जागा दिली. यंत्राने पुकारलं, "थाओ जिंगफान."

मी वळून रुइलानकडे बघितलं. तिने चपलांची पिशवी छातीशी धरली होती. तिने हनुवटीने दार दाखवलं.

पट्ट्यावर चाललो. चढ वाढवला, वेग वाढवला, ढगळ जोडे फटाक फटाक वाजत राहिले. छातीला तारा चिकटवताना तिथला पेल्याचा जांभळा सूर्य बघून तरुण डॉक्टर म्हणाला, "हे कोणी केलं?" मी म्हणालो, "शेजाऱ्यांनी, प्रेमाने." तो हसू दाबत पडद्याकडे बघत राहिला. बराच वेळ बघत राहिला. मग त्याने पट्टा थांबवला.

हृदय ठीक होतं. रक्तदाब चांगलाच वाढलेला होता, त्याची एक गोळी रोज, मीठ कमी, पुन्हा आवळलं तर लगेच या, फाटकावरून परत जाऊ नका. स्प्रिंगांचं नाव निघालं नाही. "आणि ब्यान बाईंचं औषध?" मी विचारलं. त्याने कागद मागितला, वाचला, म्हणाला, "गोळीच्या आड येणारं यात काही दिसत नाही. घ्या. पण काय काय घेता ते दोघांनाही सांगत जा. लपवू नका."

बाहेर आलो तर ऊन उतरलं होतं. रुइलानने निकालाचा कागद स्वतः वाचला, मग परत वरपासून वाचला, घडी करून आतल्या खिशात ठेवला. स्कूटरपाशी गेल्यावर हेल्मेटचा पट्टा लावता लावता तिने विचारलं, "मला का नाही सांगितलंस?"

"तू घाबरली असतीस."

तिचा हात पट्ट्यावरच थांबला. "आणि मी काय करत होते असं वाटतं तुला? मी तुला रोज विचारत होते, माझ्यावर चिडलायस का, माझ्यावर चिडलायस का. तू 'हो' म्हणावंस म्हणून विचारत होते, थाओ. बायकोवर चिडून कोणी जेवता जेवता जात नाही. त्या छाओताईला मी माझं नाव का दिलं? मला वाटलं, कागदावर का होईना, एकदा ठरू दे राग आहे म्हणून."

इथे गरम पाणी देण्यासारखीही सोय नव्हती.

"बस मागे," ती म्हणाली.

मी बसलो. पहिल्या चौकात सिग्नल लाल होता, आम्ही थांबलो. तो हिरवा झाला. रुइलानने गाडी हलवली नाही. तिची पाठ माझ्या छातीला लागून गदगदत होती आणि हेल्मेटच्या काचेआडून ती डोळे पुसायचा प्रयत्न करत होती, काच वर करायची असते हे तिला सुचत नव्हतं. मागे गाड्यांचे भोंगे सुरू झाले. एक, मग दोन, मग सगळेच.

मी मागच्या मागे वळलो, हात वर केला आणि त्या अख्ख्या रांगेवर ओरडलो, "थांबा जरा! माझी बायको रडतेय, दिसत नाही का?"

ते थांबले.